तीन दुकानांचा एक कारागीर

शाळा मी आठवीतच सोडली. आमच्या इस्लापूरकडून निलंग्याला आलो ते पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे आत नवी तार गुंडाळायचं काम शिकायला, आणि इथंच राहिलो. घर लांब पडतं. त्यामुळं मालक नुसते खाकरले तरी मला वाटायचं, आता म्हणतात, जा बाबा गावाला.

दुकानाला लागून दुसरा गाळा काढायचा मालकांचा विचार होता. विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. पण काम काही वाढेना. तेच गिऱ्हाईक, तेवढ्याच मोटारी. शेवटी त्या विटांचा त्यांनी दारात ओटा बांधला. "धंदा न्हाई बसला तर आपण तरी बसू," म्हणाले.

त्याच ओट्यावर एका दुपारी त्यांनी शेजारच्या दोघांना चहाला बोलावलं, वेल्डिंगवाल्या मामूंना आणि पिठाच्या गिरणीवाल्या काकूंना. मी आत मोटार खोलून बसलो होतो.

"एका कारागिराला पुरेल एवढं काम आता माझ्याकडं न्हाई," मालक म्हणाले.

हातातला पाना मी खाली ठेवला. बॅगेत काय काय भरायचं, तेही डोक्यात येऊन गेलं.

"माझ्याकडं बी न्हाई," मामू म्हणाले. "पण थोडं थोडं हाय."

"मला पोती उचलायला अन् जात्याच्या दगडाला टाकी लावून खाचा पाडायला माणूस लागतोच," काकू म्हणाल्या. "पण रोज घेऊन काय करू त्याचं? लोणचं घालू?"

असा मी तिघांत वाटला गेलो. सोमवारपासून दोन दिवस मोटारी, मग दोन दिवस वेल्डिंग, दोन दिवस गिरणी. ज्याचं काम, त्याच्या घरचं जेवण. कुणाचंच काम वाढलं नाही, पण कुणाला उठून जावंही लागलं नाही. त्या तिघांचे उपकार मी कसे फेडणार, कुणास ठाऊक.

पहिल्याच बुधवारी मी मालकांचं शटर उघडून झाडून काढत होतो. जागा जाईल ही धास्ती काही सुटली नव्हती. मामू रस्त्यातूनच ओरडले, "ओ जावईबापू, आज तुमची सासुरवाडी इकडं हाय!" सगळी गल्ली हसली. मीपण हसलो.

परवा गावाकडं जायचं होतं. सुट्टी मागितली तर मालक म्हणाले, मामूला विचार. मामू म्हणाले, काकूला विचार. काकू हातावरचं पीठ झटकत बाहेर आल्या.

"जा की. पण तिकडंच कुणी कामाला ठेवून घेतलं तर?"

मालक अन् मामूपण आपापल्या दारात येऊन उभे राहिले.

"न्हाई काकू, येतोच मी," म्हणालो.

तरी मामूंनी स्टँडपर्यंत येऊन पुन्हा एकदा विचारलंच.