मावशींच्या कांडीवरचा धागा

पंधरा बायका सतरंज्यांवर उताण्या पडलेल्या, मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या, आणि मध्येच त्या म्हणायच्या, "शेवटून दुसरी, श्वास कोंडू नको वं." शेवटून दुसरी खरोखरच श्वास कोंडून असायची. हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे. पंधरा श्वासांतला एक अडखळला की त्यांना तो ऐकू यायचा.

मावशी उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. चाळीस वर्षं त्यांनी घरच्या हातमागासाठी कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. बसून बसून पाठ गेली, तेव्हा सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे त्या सहा महिने गेल्या. बाईंची बदली झाली, पण तोवर बाईंची सगळी विद्या मावशींच्या अंगात उतरली होती. पुढे मुलासोबत नागपुरात नंदनवनला राहायला आल्या आणि वसाहतीतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहाला बायकांना शिकवू लागल्या. फी एकच : येताना आपली सतरंजी आपण आणायची.

त्या बायकांत मी कसा शिरलो, ते सांगायला हवं. ऑफिसात फायलींचं लोखंडी कपाट हलवायचं होतं. दोन चपराशी येईपर्यंत थांबावं, एवढी अक्कल मला नव्हती. नव्या टायपिस्टबाई बघत होत्या, हेही खरं. कपाट चार बोटं सरकलं आणि मी तीन आठवडे आडवा झालो. डॉक्टर म्हणाले, तीन महिने व्यायाम करून बघा, नाहीतर ऑपरेशन. ते मी हसण्यावारी नेलं असतं. पण दोन वर्षांची लेक दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची आणि मी पेपरात तोंड खुपसायचो. तिला उचलता येत नव्हतं. पुढे पुढे तिनं माझ्यासमोर हात वर करणंच सोडलं.

बायको माहेरची उमरेडची. तिनं मला हाताला धरून मावशींसमोर नेऊन उभं केलं. ती गावची लेक म्हणून मी आपोआप 'जवाईबापू' झालो आणि दाराजवळचा कोपरा मला मिळाला. पहिल्याच दिवशी "डोळे मिटा, पाठ जमिनीले कुठं कुठं लागते ते पाहा" एवढं ऐकलं आणि मी घोरायला लागलो. बायका खिदळल्या म्हणे. मावशींनी त्यांना गप्प केलं : "झोपू द्या वं. ढिले तं पडले."

त्यांची खरी युक्ती म्हणजे धागा. प्रत्येकाला कांडीवरचं हातभर एकेरी सूत मिळायचं. एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हातात. पाय सावकाश वर न्यायचा, सावकाश खाली आणायचा. धागा लोंबायला नको, तुटायलाही नको. पाय धाडकन सोडला की सूत तटकन तुटायचं. मग गाठ मारायची आणि पहिल्यापासून सुरू. बायका हां हां म्हणता शिकल्या. माझ्या धाग्यात आठ दिवसांनी धागा कमी आणि गाठी जास्त. मावशी विचारायच्या, "काहून घाई करून राहिले जवाईबापू? गाडी सुटून राहिली का?"

नवव्या दिवशी मी डोकं चालवलं. संक्रांतीची उरलेली पतंगाची पांढरी सद्दी घरी होती. मांजा नव्हे, साधा दोराच, पण बैलालाही न तुटणारा. ती अंगठ्याला बांधली आणि ऐटीत पाय वर-खाली करू लागलो. धागा तुटेना. शेजारच्या काकू कौतुकानं बघू लागल्या, तसा मला जोर चढला. पाय आणखी वर नेला आणि दाणकन सोडला. धागा शाबूत होता. कमरेत मात्र वीज चमकली आणि मी जागच्या जागी गोठलो.

मावशी उठून आल्या. अंगठ्याजवळचा दोरा त्यांनी दोन बोटांत नुसता चिमटला. चाळीस वर्षं सूत हाताळलेली ती बोटं. त्यांना काय सांगायचं राहिलं? मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी माझ्या कमरेखाली हात सरकवला आणि त्या एकदाच मला अरेतुरे बोलल्या.

"धागा तुटला तं गाठ मारता येते गा, बाप्पा. तूच तुटला तं मी कुठं गाठ मारू?"

मग कितीतरी वेळ तो हात तसाच ठेवून त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या, आणि कधीतरी माझाही श्वास त्यांच्या मागोमाग चालायला लागला.

त्या दिवसापासून मी सुतावर आलो. पाठ कुठे आखडते, ती आखडण्याआधी श्वास कसा अडतो, हे हळूहळू मलाही ऐकू यायला लागलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी लेकीसमोर गुडघे वाकवून बसलो, श्वास सोडला आणि तिला उचललं. ती आधी माझ्याकडे संशयानं बघत होती. मग तिनं माझा कान धरला.

दोन वर्षांनी मावशींचा मुलगा उमरेडच्या कोळसा खाणीत लागला आणि मावशी परत निघाल्या. एसटीत बसताना त्यांनी एक भरलेली कांडी माझ्या हातात ठेवली. "हे संपली का उमरेडले या. दुसरी भरून देतो."

माझ्या हातून धागा तुटणं तोवर बंद झालं होतं. ती कांडी दहा वर्षं सहज पुरली असती. चार महिन्यांत मी ती घेऊन उमरेडला हजर झालो. मावशी रिकाम्या नळीकडे बघत म्हणाल्या, "इतक्यात? अजून घाईच करून राहिले तुम्ही." मी मान खाली घातली. घरी बसून धागे मुद्दाम तोडतो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला केरात सापडायचे. ती झाडून टाकायची. अशा मी पाच कांड्या संपवल्या, पाच वेळा बोलणी खाल्ली आणि पाच वेळा त्यांच्या हातचं जेवलो.

सहावी देताना त्या म्हणाल्या, "हे जरा पुरवा, जवाईबापू. आता डोळ्याले दिसत नाही." त्या हिवाळ्यात मावशी गेल्या.

सहावी कांडी अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी तेच हातभर सूत अंगठ्याला बांधतो. आता माझंही वय झालं, कधीमधी तुटतं. कांडीवरून नवं काढत नाही. गाठ मारतो.