दोनच दारं

मन्मथअप्पांनी पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा कालव्यावरचे बगळे उडाले, म्हशी ताडकन उठल्या आणि वैजयंतीच्या हातातला डबा निसटता निसटता वाचला. बोरीत नवीनच आलेल्या वैजयंतीला दोन्ही लेकींना जुनी बारव दाखवायची होती, पण चालून चालून त्या रडल्या तर रविवार वाया जाणार होता, म्हणून तिनं अप्पांना बारव किती लांब आहे ते विचारलं.

"लय जवळ हाय, बाई. दोनच दारं!"

अप्पांची हयात कालव्याची दारं उघडण्यात गेलेली, त्यामुळे ते अंतर दारांत मोजत. दोन दारांमध्ये कोसभर वाट असते, हे वैजयंतीला चालताना कळलं. लेकी मात्र अप्पांच्या गप्पांत उड्या मारत पोचल्या आणि बारवेच्या पायऱ्यांवर खिदळत बसल्या.

"आता परत दोनच दारं ना, अप्पा?" वैजयंतीनं चिमटा काढला.

सगळे टमटमनं परतले. अप्पा सर्वांत आधी चढले.