खांद्यांना हळद-लोणी

माळावर झाडं लावायला ती चिलीहून फुलसावंगीत आली होती. पगार नव्हता. काहीही विचारलं, की 'बरं हाय' म्हणून रोपांची खोकी उचलायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या सासूबाई बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होत्या. थकून परतलेली ती थांबली.

"हे काहून?"

"वर्षभर जू वाह्यलं त्यायनं. दुखते ना, बाई."

ती बैलाशेजारी बसली आणि तिनं कॉलर खाली ओढली. खांदा सुजला होता. सासूबाईंनी उरलेलं लोणी तिला चोळलं आणि बैलांना सांगतात तेच सांगितलं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. ती जेवून आमच्या ओसरीत झोपली. माळावरून बोलवायला आलेल्यांना सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं.