ह्यांनी गाळलेलं एक वाक्य

मैत्रिणींनो, मंडळाच्या फिरत्या वहीत आज लिहायची पाळी माझी, आणि मी आत्ताच मॅटिनीहून आलेय.

तमिळ प्रेमकथा होती. माझं तमिळ भाजीवालीपुरतं, म्हणून आमचे हे तीन तास माझ्या कानाशी वाकून अर्थ सांगत होते.

शेवटी नायकाने नायिकेचा हात धरून काहीतरी म्हटलं आणि हे एकदम गप्प!

"अहो, काय म्हणाला?"

"काही नाही. उशीर झाला, घरी चल म्हणतोय."

तेवढं तमिळ मलाही कळतं हो! 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणाला तो. लग्नाला बारा वर्षं झाली, ते वाक्य ह्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. आमचं मांबलम स्टेशन येईपर्यंत मी लोकलच्या खिडकीबाहेरच बघत बसले.

घरी आल्यावर मान चोळत म्हणाले, "सिनेमा चांगला होता का गं? मला नीट बघताच आला नाही."

आता तुम्हीच सांगा, ते वाक्य मी आज ऐकलं की नाही?