भट्टीतून पाण्यात

पस्तिशीत मी स्वतःला फार हुशार समजायचे. आज ती बाई समोर आली तर आधी तिचा कान धरीन, मग नाव विचारीन.

शिरूरजवळच्या एका कारखान्यात ट्रकच्या पुढच्या दिव्यांच्या काचा व्हायच्या. प्रत्येक पेटीतल्या दोन काचा तपासायचं काम माझ्याकडं होतं. काच भट्टीत तापवायची, चिमट्यानं उचलायची आणि दहा आकडे मोजायच्या आत गार पाण्याच्या टाकीत बुडवायची. तडा गेला नाही तर पेटी पास. तापलेल्या दिव्यावर पाऊस पडला तरी काच टिकली पाहिजे, एवढीच त्यामागची गोष्ट. पहिल्याच दिवशी मला हे समजावलं होतं आणि मी मान डोलावली होती. मान डोलवण्यात मी पटाईत.

पण हात ऐकायला हवा ना! तापल्या तव्यावर पाणी ओतलं म्हणून सासूबाईंनी मला पाहुण्यांदेखत झापलेलं. त्यामुळं मी काच उचलायची, मायेनं कट्ट्यावर ठेवायची, पदरानं वारा घालायची आणि मग हळूच पाण्यात सोडायची. एकही फुटायची नाही. वहीत ओळीनं ‘पास’. आमचे सुपरवायझर, पाबळचे आप्पा, सगळ्यांसमोर म्हणाले, “हिच्या हाताला गुण हाय.” झालं, मी दोन इंच उंच झाले. सोमवारी कायम करायच्या बायकांची यादी लागणार होती. त्यात पहिलं नाव आपलंच, हे मी घरी सांगूनसुद्धा टाकलं.

शनिवारी मी जेवायला गेले तेव्हा पॅकिंगमधली, रोज दौंडहून येणारी एक बाई माझ्या जागी उभी राहिली. परत येते तो टाकीत टण् आवाज. तीन काचा चिरलेल्या, आणि आप्पा तापलेले.

“दगडं धुतीस व्हय? हिनं आठ दिवसांत एक न्हाई फोडली!”

“आप्पा, सांगितलं तसंच केलं. दहाच्या आत बुडवली.”

“मग हिची कशी फुटत न्हाई?”

ती माझ्याकडं वळली. “तुम्हीच सांगा वैनी, तुम्ही कसं करता?”

आठ दिवसांत मी नेमकं काय केलं, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. आणि दारात ट्रक उभा होता, मी पास केलेल्या पेट्या त्यात चढत होत्या.

“असंच,” मी म्हणाले. “जरा हलक्या हातानं.”

“ऐकलंस?” आप्पा तिला म्हणाले. “सोमवारपासनं येऊ नकोस.”

ती अंगावरचा एप्रन काढून घडी घालू लागली. बाहेर ताडपत्रीच्या दोऱ्या आवळल्या जात होत्या. माझ्या डोळ्यांपुढं यवतच्या पुढं भर पावसात दिवे विझलेला ट्रक आला. इंजिन सुरू झालं.

“आप्पा, गाडी थांबवा!”

“आता तुला काय झालं?”

“मी… गार करून बुडवते.”

“काय?”

“काच. आधी वारा घालते. पदरानं.”

मग दौंडची बाई म्हणाली, “आगं बया! ती काच हाय का लेकरू?”

आप्पा हसले नाहीत. ते फाटकाकडं धावले.

गाडी फाटकातच अडवली. एक पेटी उतरवली आणि आप्पांनी माझ्या हातात चिमटा दिला. पहिली काच टिकली. लाज वाटते सांगायला, पण तेवढ्यातही मला वाटलं, सुटले. दुसरी पाण्यात गेली आणि टण्! तिसरीही तडकली. सगळ्या पेट्या खाली आल्या.

सोमवारच्या यादीत दौंडवालीचं नाव होतं. माझं नव्हतं. मला कामावर ठेवलं, ते त्या पेट्या पुन्हा तपासायला. ती शेजारी उभी राहून मोठ्यांदा आकडे मोजायची. सातावर माझा हात जरा घुटमळला, की अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडायची, “वैनी, बुडवा!”