दहापैकी दहा

शारजातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन घानाचा आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायची खोड आहे. माझ्या नव्या बुटांना सहा. बायकोच्या थालीपिठाला साडेआठ, तेही लोणच्यामुळे. दहा मात्र कुणालाच नाहीत. ‘टेन दिया तो खलास, सर! फिर कल क्या देगा?’ असं तो इथे शिकलेल्या हिंदीत विचारतो.

दुसरी खोड पाण्याची. लॉबीतल्या कूलरचा ग्लास तो आधी ट्यूबलाइटसमोर धरून निरखतो, मगच पितो. मी त्यावरून त्याची भरपूर थट्टा करायचो. एकदा त्याने सांगितलं, गावात चोरून सोनं खणणारे आले आणि नदी चहाच्या रंगाची झाली. मासे संपले. वडिलांच्या कोकोच्या बागेत आता नुसते खड्डे आहेत. एवढं बोलून त्याने माझ्या टायला पाच मार्क दिले.

हे मी बायकोला सांगायचं राहूनच गेलं.

अक्षय्य तृतीयेला तिने सोन्याची बांगडी घेतली आणि लॉबीतच हात पुढे केला. ‘ब्रदर, इसको कितना?’

त्याने बांगडी नीट पाहिली. मग कूलरमधून ग्लास भरला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि अदबीने तिच्या हातात दिला.

‘बाहर बहुत गरमी, मॅडम. पियो. ये पानी को टेन.’

‘और बांगडी को?’

त्याने हसून आमच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.