गोळी मागायला आलेली शेवटची मुलगी

त्याचं नाव मला ठाऊक नाही. फुलसावंगीत आमच्या शेजारच्या तरुण पोराला मेनिंगोकोकल मेंदूज्वर निघाला, तेव्हा आरोग्य खात्याकडून तो आला. हा आजार थुंकीतून पसरतो, म्हणून पोराच्या जवळच्यांना गोळ्या देत होता. चष्मा कपाळावर सारून प्रत्येकाला खोदून विचारायचा, "एका गिलासातून पाणी पेले काय? एकच बिडी दोघांत ओढली काय?"

शेवटी दुसऱ्या गल्लीतली एक मुलगी ओढणी सावरत आली.

"मलेबी गोळी पायजे."

त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला, औषधाची अ‍ॅलर्जी तेवढी विचारली आणि गोळी दिली.

मला राहवेना. "तिले काहून नाही इचारलं?"

"इचारलं असतं, तं गोळी न घेताच गेली असती."

मी ती वळली त्या कोपऱ्याकडे बघत होतो.

"तुमीबी तिकडे नका पाहू," तो म्हणाला.